खापरावरचा मांडा

मनातले मांडे मी माहेरी झकास करायचे. खरे मांडे धुळ्याजवळच्या सासरी आल्यावर हातात पडले आणि पार रडवलं मेल्यांनी. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. माझा मांडा वीतभर झाला की फाटायचा.

"बठ्ठं ध्यान हातमा ठेव," सासूबाई म्हणायच्या. मी सगळं ध्यान हातांवर ठेवून, डोळ्यांत तेल घालून बोट न् बोट बघायचे, आणि जितकं बघावं तितकी बोटं ताठ व्हायची. हात चांगले धडधाकट. जळगावात याच हातांनी मी गप्पा मारत टकळीवर सूत कातायचे, धागा तुटायचा नाही. मग इथेच काय धाड भरली होती?

नणंदेच्या सासरचे पहिल्यांदा जेवायला यायचे, त्याच सकाळी सासूबाईंचं मनगट लचकलं. त्यांची धाकटी बहीण मदतीला आली होती. त्या मावशी म्हणाल्या, खापर मी बघते, हिला पुरण वाटू दे. म्हणजे या घरात मी जन्माची पाट्यापाशी! ते मला सोसवेना. मीच आधी खापरापुढे जाऊन बसले.

"पहिला फाटना ते उठी जा," सासूबाईंनी बजावलं.

मी गोळा हातावर घेतला आणि मावशी बोलल्या, "हिन्हं तोंड चालस, हात नही चालत. मायनी काही शिकाडं नही."

आईवर गेल्या म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. मान वर करून मी सुनावलं, "मावशी, मला काय बोलायचं ते बोला, माझ्या आईचं नाव काढायचं काम नाही. तिच्या हातचं जेवलेला माणूस वाट वाकडी करून परत येतो." आणखीही बरंच बोलले. मावशी मात्र माझ्या हातांकडे बघत होत्या. मी खाली पाहिलं, तर मांडा कोपरापर्यंत आलेला, कुठे भोक नाही. तसाच खापरावर टाकला. असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या वेळी मी शहाणी पुन्हा बोटांकडे बघू लागले आणि कडेला चीर गेली. सासूबाईंच्या ते बरोबर लक्षात आलं. त्यांनी परात माझ्याकडे सरकवली आणि बहिणीला म्हणाल्या, "तू बोलत ऱ्हाय. बठ्ठी परात बाकी शे."

परात संपेपर्यंत मावशींनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीही एकेक उत्तर देत गेले. पुढचा एकही मांडा फाटला नाही.