दोन तासांचं पीठ

गल्लीच्या टोकाच्या बेकरीवाल्याला सगळे पिठ्या म्हणत. नाव ठेवलं होतं त्याच्या थोरल्या बहिणीने. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, पीठ मळायला शिकवलं, आणि लग्न होऊन ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. पिठ्याचं सगळं गणित पिठाचं. पीठ दुप्पट फुगलं की याची चहाची वेळ झाली.

एके दिवशी भाच्याचा फोन आला. ताई आजारातून उठली होती, पण अन्नाला शिवत नव्हती. म्हणे, पिठ्याच्या हातचा गरम पाव असता तर खाल्ला असता.

विमान पिठ्याने पाहिलं होतं ते फक्त खालून. ताईच्या गावीही आपल्यासारखाच खुराड्याएवढा विमानतळ आहे असं कळल्यावर त्याने शेजारच्या मास्तरांना विचारलं, इथून तिथं किती लांब? मास्तरांनी फोनवर बघून सांगितलं, हजार किलोमीटर, दोन तास. पिठ्या हरखला. शिळा पाव कशाला, मळलेलं पीठच नेऊ की! वाटेत फुगेल, उतरलं की थेट ताईच्या ओव्हनमध्ये. तिकीट भाच्याने काढून पाठवलं होतं. ते जरा वाचा तरी, असं बायको म्हणाली. पण ऐकेल तो पिठ्या कसला!

मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. अंतर तेवढंच होतं, फक्त सरळ जाणारं विमानच नव्हतं. आधी उलट्या दिशेला मोठ्या शहरात जायचं, तिथं अर्धा दिवस ताटकळायचं, मग दुसरं विमान. पिठ्याला हे कळलं ते मोठ्या शहरात उतरल्यावर. तोवर मांडीवरचा डबा झाकण उचलू लागला होता.

शेजारच्या खुर्चीतल्या बाई पाय वर घेऊन बसल्या. पहारेकरी आला.

"काय आहे यात? हलतंय ते."

"पीठ आहे. जिवंत आहे, पण चावत नाही."

पिठ्याने बाही सारून पीठ दाबून बसवलं. ते पुन्हा उठलं. पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा मात्र तो बोटं मोजू लागला. असं किती वेळा उठेल बिचारं? खमिराचा दम संपला की पाव दगड. त्याने ताईची गोष्ट सांगितली, तेव्हा पहारेकऱ्यानेच डबा नेऊन सरबतवाल्या बाईंच्या फ्रीजमध्ये ठेवला. आपल्या सासूची चौकशी करावी तशी तो येता-जाता पिठाची चौकशी करत राहिला.

दिवेलागणीला पिठ्या पोहोचला. पाव भाजला, तो निघाला चपलेसारखा चपटा. ताईच्या उशाशी ताटली ठेवून तो मान खाली घालून उभा राहिला. ताईने तुकडा मोडला, बराच वेळ चघळला.

"आंबट झालाय रे."

"वाटेत आंबला गं. रस्ता वाकडा निघाला."

"तुझा पहिला पावसुद्धा असाच होता. तोही मीच खाल्ला होता."

आणि तिने दुसऱ्या तुकड्याला हात घातला.