ॲम्ब्रोज किपिंगचा दोर

न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ज्या गावात ॲम्ब्रोज किपिंग जन्मला, तिथला वारा असा की लोक घरंसुद्धा दोरखंडाने खडकाला बांधून ठेवतात. घर, कोंबड्यांचं खुराडं, कॉड मासा वाळवायचे मांडव, सगळं बांधलेलं. वाऱ्याने कुणाचं काही नेलं तर शेजारी हळहळत नाहीत. 'बांधलं का नव्हतंस?' एवढंच विचारतात आणि आपल्या कामाला लागतात. असा माणूस कॅनडाच्या नौदलात गेला आणि बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या डेकवर खलाशांचा तांडेल झाला. मग काय विचारता.

जहाजही त्याला साजेसंच मिळालं. बर्फाने दोन्हीकडून आवळलं तर वर सरकता यावं म्हणून त्याचं पोट घागरीसारखं गोल. बर्फात ते ठीक होतं, पण उघड्या समुद्रात असं लोळायचं की भटारखान्यातलं वाटाण्याचं सूप छताला लागायचं. बर्फात शिरलं की नाक बर्फावर चढवायचं, वजनाने तो फोडायचा, मागे यायचं, पुन्हा चढायचं. दिवसभर हाडं खिळखिळी. ॲम्ब्रोजने पातेली बांधली, कप्तानाची खुर्ची बांधली, पाद्रीबाबांची पेटीही बांधली.

"तांडेल, बायको हॅलिफॅक्सला एकटी आहे माझी," जहाजावर स्वयंपाक करणारा बेसिल भंडारी म्हणायचा. "जाता जाता तिलाही एक गाठ मारून ये."

"तिला कशाला? तुझ्या जिभेला मारतो, म्हणजे ती सुखात राहील."

मग हेलिकॉप्टरं आली. महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती आणि नौदलाला या नव्या यंत्राचं भारी वेड लागलं होतं. एक मोठं, पुढे-मागे दोन पंख्यांचं, मधे वाकलेलं. त्याला सगळे केळं म्हणत. दुसरं काचेच्या डोक्याचं, चिमणीएवढं, म्हणून ती चिमणी. ॲम्ब्रोजला दोन्ही आवडली नाहीत. जी वस्तू आपणहून उडायला बघते तिला जहाजावर जागा कशाला द्यायची, असं त्याचं रोखठोक मत. पण रात्री ती बांधून ठेवायचं काम त्याचंच, आणि ते तो असं करायचा की वादळातही चाक केसभर हलत नसे.

केळ्याचा वैमानिक लेफ्टनंट ड्रिस्कल. त्याने ॲम्ब्रोजला बाजूला घेऊन बजावलं होतं. "पंखे फिरायला लागले की दोर सोडायचे आणि पुन्हा हात लावायचा नाही. ते डोलेल, डोलू दे. मोकळं डोललं तर ठीक असतं. आवळलंस तर हादऱ्याला बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ते स्वतःलाच फोडून टाकतं."

"हो साहेब," ॲम्ब्रोज म्हणाला. ऐकलं त्याने. डोक्याने ऐकलं हो, हातांनी कुठे ऐकलं होतं?

त्या उन्हाळ्यात जहाजावर त्याचा भाचा सिरिल होता. थोरल्या बहिणीचा, ड्रुसिलाचा एकुलता एक. बाप समुद्रात बुडून गेलेला. निघताना ड्रुसिला धक्क्यावर आली, ॲम्ब्रोजला लोकरी मोजे दिले आणि म्हणाली, "पोर तुझ्या पदरात घालते. आणशील तसाच." ॲम्ब्रोजने मान हलवली. या बाबतीत जास्त बोलायची त्यांच्यात रीत नाही.

उत्तरेला पोचल्यावर सिरिल आणि आणखी तिघांना समुद्राची खोली मोजायला एका मोठ्या हिमखंडावर उतरवलं. तंबू, यंत्रं, शिधा, सगळं केळ्यातून गेलं. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी रेडिओवर सिरिलचाच आवाज आला, अगदी शांत. खंड मधोमध तडकलाय, अर्धा शिधा पाण्यात गेलाय, जरा लवकर याल का. पश्चिमेला धुक्याची भिंत दिसत होती. जहाजाला तिथवर बर्फ फोडत जायला उद्या उजाडलं असतं. केळं एका खेपेत चौघांना आणणार होतं.

ड्रिस्कल धावत येऊन बसला. ॲम्ब्रोजने स्वतः दोर सोडले. पंखे फिरू लागले, वेग आला, डेकवरचं बर्फाचं पीठ उडून डोळ्यात जाऊ लागलं. आणि नेमका तेव्हाच कुठला तरी मोठा तुकडा जहाजाच्या कुशीत घुसला आणि जहाज कलंडलं. केळं एका चाकावर उठलं, खाली आपटलं, डुलायला लागलं.

ॲम्ब्रोजने विचार केला नाही. विचार केला असता तर बरं झालं असतं. भाच्याला आणायला जाणारं यंत्र समुद्रात चाललंय एवढंच त्याला दिसलं. तो वाकून धावला, दोर चाकाच्या खांबाभोवती घातला, डेकच्या कडीतून खेचला, सगळं अंग टाकून आवळला आणि गाठ मारली.

पुढचं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर झालं. डुलणं थांबलं आणि थरथर सुरू झाली. थरथरीचे धक्के झाले. ड्रिस्कल वर उचलायला बघत होता आणि यंत्र वर जात नव्हतं, बांधलेलं होतं ना. मग ते फुटलं. पुढचं पातं मागच्यात गेलं, पत्रा फाटला, एक तुकडा धुरांड्यात घुसला. लोक पालथे पडले. आवाज थांबला तेव्हा केळं नव्हतंच. त्याचा नुसता ढीग होता.

कुणी मेलं नाही हे आश्चर्यच म्हणायचं. ड्रिस्कलला बाहेर ओढलं. कपाळातून रक्त गळत होतं, हात कोपरातून उलटा वळला होता. तो ॲम्ब्रोजकडे बघत राहिला. "तू मला बांधलंस," एवढंच म्हणाला. रागाने नाही हो. त्याला खरंच कळत नव्हतं.

डेक मोकळा करायला तो ढीग समुद्रात लोटायचा ठरला, तर एक चाक हलेना. सगळ्या यंत्राचा चुराडा झाला होता, पण गाठ जशीच्या तशी होती. कुऱ्हाडीने दोर तोडावा लागला. तो ॲम्ब्रोजनेच तोडला. कुऱ्हाड त्याच्या हातात कुणी दिली हे देणाऱ्यालाही कळलं नसावं.

राहिली चिमणी. तिच्यात वैमानिकाशिवाय दोघंच मावत, म्हणजे दोन खेपा. तिचा वैमानिक तेरियो, क्युबेकचा, कमी बोलणारा. चढताना ॲम्ब्रोजच्या तोंडाजवळ येऊन म्हणाला, "पंखा थांबेपर्यंत दोराला हात नाही. मी घसरलो तरी नाही. ऐकलंस?"

पहिल्या खेपेत दोघं आले. सिरिल नव्हता. त्याने वयाने मोठे होते त्यांना पुढे धाडलं होतं. चिमणी परत फिरली आणि धुकं आलं. तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. बेसिल भंडारी रमचा पेला घेऊन आला, तो ॲम्ब्रोजने घेतला आणि तसाच धरून ठेवला. ड्रुसिलाला काय सांगायचं? वाऱ्याने नेला म्हणून? ती विचारील ते त्याला आधीच ऐकू येत होतं.

फार उशिराने धुक्यातून घरघर आली. चिमणी खाली उतरली, टेकली, आणि जहाज पुन्हा कलंडलं. ती डेकच्या कडेकडे घसरायला लागली, हळूहळू, सरळ पाण्याच्या दिशेने. काचेत सिरिलचा चेहरा दिसत होता.

"बांध," मागून कुणी तरी ओरडलं. मग सगळेच ओरडू लागले. ज्यांनी दुपारी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं तेही. "किपिंग, बांध तिला."

दोर ॲम्ब्रोजच्या हातात होता. हात आपणहून पुढे निघाले होते. त्याने ते छातीशी दाबून धरले आणि पाय डेकवर रोवून उभा राहिला. चिमणी कडेला गेली. तिचा एक पाय बाहेर लोंबला. सिरिल काचेवर तळहात आपटत होता, मामाकडे बघून. मग तेरियोने ती उचलली. ती पाण्यावर झुकली, सावरली, एक चक्कर मारून परत आली आणि डेकच्या मधोमध टेकली. पंखा थांबला.

सिरिल दाराला धरून उतरला. दुपारी काय झालं याची त्याला गंधवार्ता नव्हती. कोण सांगणार होतं? ॲम्ब्रोज पुढे झाला, त्याला धरायला. सिरिलने त्याचा हात बाजूला केला.

"मी बुडत होतो, मामा," सिरिल म्हणाला. "आणि दोर तुझ्या हातात होता."