जास्त निघालं

अवघड गोष्ट सोपी करून सांगायची मला फार हौस होती. लॅबमधल्या इतर जणी रक्त काढून गप्प बसत. मी मात्र पेशी काय, प्रथिनं काय, सगळं चुलीजवळच्या भाषेत समजावत बसायची. आता ती हौस पुरती फिटली आहे.

जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र आमच्याकडे चाचपणीसाठी आलं, तेव्हा झरीकडच्या गावांत ते घेऊन फिरायचं काम त्या हौसेमुळेच माझ्याकडे आलं. बोटातलं थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं. पट्टीत डोळ्याला न दिसणारी लोखंडाची भुकटी असते. हृदय थकलं की रक्तात एक प्रथिन वाढतं. भुकटी त्याला चिकटते, यंत्रातलं चुंबक ती ओढून धरतं आणि किती सापडलं त्याचा आकडा समोर येतो. शाळेच्या व्हरांड्यात जमलेल्या बायांना मी हे एका वाक्यात सांगितलं, "यात चुंबक हाय, रक्तातला आजार बरोबर ओढून घेतंय." बायांनी माना डोलावल्या. मला माझंच कौतुक वाटलं.

त्यांत एक मावशी होत्या, मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या. पायांवर सूज, चार पावलांत दम, म्हणून कळपामागं जायचं सोडून घरी बसलेल्या. त्यांचा आकडा धोक्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर होता. "मावशी, लय निघालंय," मी म्हणाले. आमच्याकडे असंच बोलतात. शुगर निघाली, मलेरिया निघाला. परभणीच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला चिठ्ठी दिली, याच आठवड्यात जा म्हणून बजावलं. त्यांनी चिठ्ठी कमरेच्या चंचीत खोचली आणि म्हणाल्या, "हलकं वाटायलंय ताई." कुणीतरी विचारपूस केली म्हणून वाटत असेल, असं मी धरून चालले.

महिन्यानं परत गेले तर मावशी रांगेत सगळ्यांच्या पुढे. बोट आपणहून पुढे केलेलं. सूज गुडघ्यापर्यंत चढली होती. परभणीला गेल्याच नव्हत्या. आकडा वाढला होता.

"मागच्यापेक्षा जास्त निघालं, मावशी."

"निघालं ना?" त्यांचा चेहरा खुलला. "माझ्या मायला तुंबडी लावायचे, तवाबी असंच. दुसऱ्या बारीला जास्त निघायचं."

तुंबडी म्हणजे शिंग लावून अंगातलं नासकं रक्त ओढून काढायची जुनी रीत. हे सगळं मी या कानांनी ऐकलं. पण मागे बाया खोळंबल्या होत्या, ऊन तापलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसांना जुनं आठवतच असतं. परभणीला कधी जाणार, असं विचारलं तर म्हणाल्या, "जाते की. आता काय घाई हाय." मी चिडले, चार शब्द सुनावले. हलगर्जी बाई, असं मनात म्हणाले. तो शब्द मी कुणाला लावत होते याची आज लाज वाटते.

तिसऱ्या खेपेला त्यांचे मालक एकटेच आले. मावशींचा तेरावा होऊन गेला होता. खांद्यावरची घोंगडी मांडीवर घेऊन ते समोर बसले.

"लय काढलं ओ ताई तुमी," ते म्हणाले. "दोनदा काढलं. पर रोग मुळातच लय व्हता, तुमी तरी काय करणार?" मग त्यांनी बोट पुढे केलं. "माझंबी जरा काढून घ्या."

तेव्हा कुठे मला उमगलं. माझं सोपं वाक्य, माझं ते "निघालं", मावशींची घाई का संपली, सगळं एकदमच. गप्प बसले असते तर त्यांचंही दुःख वाढलं नसतं आणि माझीही लाज झाकली असती. तो मोह मला झाला, खोटं कशाला बोलू. पण मग हा माणूसही उद्या दुखणं अंगावर काढत घरी बसला असता.

"मामा, ही मशीन काय काढत न्हाई," मी म्हणाले. "आत किती हाय, तेवढंच बघतीय. औषध परभणीलाच मिळलं असतं."

त्यांनी बोट मागे घेतलं नाही.

"मंग तिचं दोन्ही बारीला निस्तं बघितलंच का?"

"व्हय मामा," मी म्हणाले.