बटणं काढलेले शर्ट

दोन वर्षं परदेशातल्या एका खेड्यात बिनपगारी शिकवायला जायचं म्हणून मी बॅग भरत होते. तेवढ्यात काकू जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आली. “तिकडच्या गरिबांना होतील. वाटताना फोटो काढ हं!”

गाठोडं सोडलं तसा घामाचा आंबट, शिळा वास नाकात गेला. कॉलरी काळ्या, काखेत पिवळे डाग. आणि एकाही शर्टाला बटण नाही! टाकायच्या कपड्यांची बटणं कापून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साठवायची, ही आमच्या घरातल्या बायकांची सवय.

“काकू, बटणं?”

“चांगली होती गं, म्हणून काढून घेतली.”

शिसारी आली मला. द्यायचं, पण त्यातलं चांगलं तेवढं आधी कापून घ्यायचं. वर पुण्य हवं, फोटोही हवा! काकू गेल्यावर गाठोडं जिन्याखाली टाकलं आणि साबणाने खसाखसा हात धुतले.

तेवढ्यात मी इथे नोकरी करते त्या शाळेतून मुख्याध्यापक बाईंचा फोन आला. “तुम्ही विनंती केली होती ना, तशी तुम्ही परत येईपर्यंत तुमची जागा राखून ठेवलीय. निर्धास्त जा.”

मला अगदी हायसं वाटलं. मग तो श्रीखंडाचा डबा आठवला, आणि हात पुन्हा धुवावेसे वाटले.