मेव्हिसबाईंचा रिव्हर्स

मेव्हिस ओल्डरॉइडबाईंचा अपमान करून सुखानं जगलेला माणूस हॅरोबी गावात शोधून सापडला नसता. त्यांच्या नणंदेनं एकदा पुडिंगचा काचेचा वाडगा नेला आणि टवका उडवून परत आणला. वर म्हणाली, टवका आधीचाच होता. झालं. त्यानंतर नणंद वारेपर्यंत बाई तिच्याशी फक्त हवामानावर बोलल्या. यॉर्कशायरमध्ये हवामानावर बोलायचं म्हणजे पाऊस पडतोय किंवा पडणार आहे, एवढंच. नणंद बिचारी दर नाताळला तेवढंच ऐकून घरी जायची.

नोकरीची सगळी वर्षं बाईंनी प्राथमिक शाळेच्या खानावळीत वाढपाचं काम केलं. अर्ध्या गावानं त्यांच्या डावानं वाढलेलं खाल्लंय. एखाद्या कार्ट्यानं जेवण बघून नाक मुरडलं, तर बाई त्या दिवशी हसून पुढे सरकायच्या. मग महिन्याभरानं, ते कार्टं सगळं विसरल्यावर, कस्टर्डमधली सर्वांत मोठी गुठळी त्याच्या ताटात पडायची. ती पोरं आता टकली झाली, कुणी सुतार झालं, कुणी बँकेत चिकटलं, पण रस्त्यात बाई दिसल्या की अजून पाठीचा कणा ताठ करतात.

जूलियन फेअरब्रदर हे नगरसेवक मात्र लंडनकडून आलेले. त्यांनी ते कस्टर्ड खाल्लं नव्हतं, आणि त्यांना कुणी सावधही केलं नव्हतं.

बाईंचा नवरा क्लिफ अगदी उलट. चौदा नंबरच्या बसचा ड्रायव्हर, लोण्यासारखा माणूस. कुणी शिवी दिली तरी "असेल त्याचा दिवस वाईट" म्हणून सोडून द्यायचा. त्याच्या वाटचा रागही बाईंनाच धरावा लागे. अभिमान म्हणून त्याच्याकडे एकच होता. उभ्या नोकरीत त्यानं रस्त्यावर बस कधी मागे घेतली नव्हती. बस मागे घ्यावी लागली म्हणजे ड्रायव्हर पुढचं बघत नव्हता, असं तो म्हणायचा. क्लबात त्याच्या शेजारी बसणारे अँब्लर हे गावातले अंत्यसंस्कार करणारे. त्यांच्याही घराण्यात शववाहिका कधी मागे घेतली गेली नव्हती. मेलेल्या माणसाला उलटं नेणं म्हणजे त्याला दारातून हाकलल्यासारखं, असं अँब्लरांचं मत. दोघं बियरचे पेले समोर ठेवून या एका विषयावर वर्षानुवर्षं एकमेकांशी सहमत होत आले होते.

क्लिफ गेला तेव्हा सगळं रीतीप्रमाणे ठरलं. शेवटचा प्रवास माणसाच्या आवडत्या जागांवरून न्यायचा, ही तिकडची पद्धत. आधी क्लब, मग त्यानं कांदे लावलेला वाफा, मग गार्नेट स्ट्रीट. त्या रस्त्यावर तो जन्मला होता आणि त्याच रस्त्यावरून चौदा नंबर जायची. अँब्लर दोन दिवस आधी सगळ्या वाटेनं फिरून आले होते. रस्ता मोकळा होता.

मधल्या काळात कौन्सिलनं काम उरकलं. वस्तीतल्या गल्ल्यांमधून गाड्यांची घुसखोरी फार झाली, पोरांना खेळता येत नाही, म्हातारे खोकतात, म्हणून गल्ल्या आरपार जायला बंद करायची योजना फेअरब्रदरसाहेबांनी आणली होती. प्रयोग म्हणून. प्रयोगाची गंमत अशी की लोकांना आधी विचारावं लागत नाही. आधी लावायचं आणि मग विचारायचं. अंत्ययात्रेच्याच सकाळी क्रेननं गार्नेट स्ट्रीटच्या ऐन मध्यावर एक भलीमोठी लाकडी कुंडी आणून ठेवली. हौदच म्हणा ना. आत माती आणि लव्हेंडरची चार केविलवाणी रोपं.

शववाहिका वळणावरून आत आली. पुढे अँब्लर, उंच टोपी, हातात काठी, पायी, पावलं मोजूनमापून. समोर कुंडी. कुंडीशेजारी सायकलीवर एक पाय टेकवून फेअरब्रदरसाहेब, आणि त्यांचा फोटो घेणारी स्थानिक पेपरची मुलगी.

अँब्लरांनी टोपी काढून हळू आवाजात विचारलं, ही हलवता येईल का. साहेब गोंधळले. माणूस दुष्ट नव्हता, पण काय बोलावं ते न सुचून काहीतरी बोलून टाकणाऱ्यांतला होता. क्रेन गेली होती. त्यांनी हेल्मेट काढलं, शववाहिकेकडे बघितलं आणि ओशाळं हसून म्हणाले, "रिंग रोडनं जा ना तुम्ही. थोडंच लांब पडेल. आणि तसंही, त्यांना आता कुठं घाई आहे?"

मागच्या गाडीची काच खाली होती. आत मेव्हिसबाई होत्या.

मग शववाहिका मागे घ्यावी लागली. दोन्हीकडे गाड्या उभ्या, वळवायला जागा नाही. ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकला आणि नव्या गाडीतल्या त्या यंत्रानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुरू केलं. टी. टी. टी. टी. किराण्याचा ट्रक दुकानाला लागावा तसा क्लिफ ओल्डरॉइड उलटा आपल्या जन्मगल्लीतून बाहेर पडला. गल्लीतली माणसं दारात टोप्या काढून उभी होती आणि कुठं बघावं ते त्यांना कळत नव्हतं. अँब्लर शववाहिकेच्या पुढे, म्हणजे आता मागे, तोंड फिरवून चालत होते. ते रडले असं नंतर कुणीकुणी सांगितलं. मेव्हिसबाई रडल्या नाहीत. त्या फोटो काढणाऱ्या मुलीच्या खांद्यावरून साहेबांचा चेहरा नीट पाठ करत होत्या.

बाईंनी साहेबांना पत्र लिहिलं. माफी मागा, एवढंच. उत्तरात छापील कागद आला: तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. बाईंनी तो घडी करून टी-पॉटखाली ठेवला.

योजनेच्या विरोधकांना वाटलं, आता ही बाई आपली. डीन नावाचा पांढऱ्या व्हॅनवाला त्यांचा म्होरक्या. पबच्या मागच्या खोलीत बैठक झाली. रस्ते अडवणारे खांब करवतीनं कापू, कुंड्यांत डिझेल ओतू, सभेत आरडाओरडा करू, असं बरंच ठरलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि कोट घातला.

"निघालात? तुमच्यासाठीच तर लढतोय आम्ही, मिसेस ओल्डरॉइड," डीन म्हणाला.

"तू लहानपणी पण असाच होतास, डीन. ताट आपटायचास आणि उपाशी घरी जायचास," बाई म्हणाल्या.

त्यांचा हिशेब साधा होता. आरडाओरडा झाला की फेअरब्रदर शहाणा दिसणार. त्याला शत्रू हवेच आहेत. शत्रू मिळाले की तो पेपरात गंभीर चेहरा करून येतो. याला मारायचं तर मिठी मारूनच.

मग बाई रोज दुपारी बीचवुड अव्हेन्यूवर दिसू लागल्या. रुंद रस्ता, जुने वृक्ष, प्रत्येक घरापुढे दोन-दोन गाड्या. नगरसेवक फेअरब्रदर तिथंच राहत. गल्ल्या बंद झाल्यापासून त्यांतून जाणाऱ्या गाड्या आता बीचवुडवरून जाऊ लागल्या होत्या आणि रहिवासी मनातल्या मनात चरफडत होते. मोठ्यानं बोलायची मात्र लाज, कारण त्या सगळ्यांच्या खिडक्यांत योजनेला पाठिंब्याची पत्रकं होती. बाईंनी घरोघर आल्याचा केक वाटला. काळा, चिकट, त्यांच्या आईच्या पद्धतीचा. आणि विचारलं, तुमच्याही रस्त्याच्या तोंडाशी एक कुंडी आली तर? किती शांत होईल. तुम्हीच का म्हणून सोसायचं?

लोकांनी भराभर सह्या केल्या. साहेबांच्या बायकोनंसुद्धा, बागेचे हातमोजे न काढता. "जूलियनला किती आनंद होईल," ती म्हणाली. बाईंनी तिला केकचा दुसरा तुकडा दिला. त्या बिचारीशी त्यांचं काही वैर नव्हतं.

नजमा मलिक ही विरोधी बाकावरची नगरसेविका. लहानपणी हिनंही तेच कस्टर्ड खाल्लेलं, पण गुठळीशिवाय, कारण ही ताट पुसून परत द्यायची. बाई तिच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळं सांगितलं. नजमा ऐकता ऐकता चपाती लाटायची थांबली.

"आंटी, त्याचाच रस्ता विषयात आला तर त्याला सभागृहात बसता येत नाही. हितसंबंध सांगून बाहेर जावं लागतं. बोलता येत नाही, मत देता येत नाही. हे माहितीये तुम्हाला?"

"माहितीये म्हणून तर आले, बाळ."

"पण दुसरंही ऐका. योजनेत बीचवुडही जोडा अशी दुरुस्ती मी मांडली तर सगळं एकत्रच मंजूर होईल. गार्नेट स्ट्रीटची कुंडी मग कायमची. कधीच निघायची नाही."

बाईंनी खिडकीकडे बघितलं. काचेवर वाफ धरली होती. "क्लिफ आता परत त्या रस्त्यानं जाणार नाहीये," त्या म्हणाल्या. "लाट तू. करपेल ती तव्यावरची."

सभेच्या संध्याकाळी कौन्सिलच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. योजना कायम करायची की गुंडाळायची, यावर चर्चा होती. डीन आणि कंपनीनं ठरल्याप्रमाणे ओरडून घेतलं, महापौरबाईंनी ठरल्याप्रमाणे तंबी दिली. फेअरब्रदरसाहेब स्वच्छ हवा, लहान मुलं आणि उद्याचं गाव यांवर छान बोलले. तसं पाहिलं तर खरंही बोलले. गार्नेट स्ट्रीटवर पोरं खरोखरच खडूनं चौकोन आखून खेळू लागली होती. मग नागरिकांची पाळी आली. मेव्हिसबाई उठल्या. अंगात क्लिफच्या अंत्ययात्रेला घातलेला काळा कोट.

साहेबांनी ओळखलं. चेहऱ्यावर सहानुभूती आणून ते तयार झाले. टीका सोसायची त्यांना सवय होती.

बाईंनी योजनेचं कौतुक केलं. इतकं केलं की डीनचं तोंड उघडंच राहिलं. त्या म्हणाल्या, की गल्लीत आता चिमण्यांचा आवाज येतो, आणि हे सुख ज्यानं आम्हाला दिलं त्या माणसाच्या दारावरून मात्र दिवसभर ट्रक जातात, हे आम्हाला बघवत नाही. बीचवुडच्या लोकांनी सह्या दिल्या आहेत. पहिली सही मिसेस फेअरब्रदर यांची. "बाकी परवानग्या वगैरे नंतर बघा," बाई म्हणाल्या. "प्रयोग म्हणून आधी लावून टाका. साहेबांचीच पद्धत आहे ती."

नजमानं उभं राहून दुरुस्ती मांडली. कौन्सिलचा कायदा बघणारा अधिकारी महापौरबाईंच्या कानाशी लागला. महापौरबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मिस्टर फेअरब्रदर, तुम्ही बीचवुडलाच राहता ना?"

साहेब उठले. आपण तत्त्वतः अर्थातच, परंतु बीचवुडची परिस्थिती तांत्रिकदृष्ट्या, असं काहीसं त्यांनी सुरू केलं. तांत्रिकदृष्ट्या काय, ते कुणालाच कळलं नाही. महापौरबाईंनी दाराकडे बोट केलं. त्यांनी कागद गोळा केले. दाराकडे जायची वाट खुर्च्यांच्या ज्या अरुंद रांगेतून होती, त्या रांगेच्या तोंडाशी मेव्हिसबाई परत येऊन बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पाय ऐसपैस पुढे.

"मिसेस ओल्डरॉइड, जरा वाट देता?"

बाईंनी वर बघितलं. "दुसरीकडनं जा ना. थोडंच लांब पडेल." आणि मग, अगदी प्रेमानं, "तसंही, तुम्हाला आता कुठं घाई आहे?"

त्यांना आठवायला क्षणभर लागला. मग आठवलं. कानापासून गळ्यापर्यंत लाल होत गेलेला तो चेहरा बाईंनी सावकाश बघून घेतला. साहेबांच्या मागे माणसं, बाजूला माणसं, वळायला जागा नाही. छातीशी कागद धरून ते एकेक पाऊल मागे सरू लागले. आणि मेव्हिसबाई कवळीच्या फटीतून, त्या एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू, आवाज काढू लागल्या.

टी. टी. टी. टी.

तो आवाज तिसऱ्या रांगेत बसलेल्या अँब्लरांनाही ऐकू गेला असावा. त्यांनी मांडीवरची टोपी उगाचच सरळ केली.

दुरुस्ती मंजूर झाली, योजनाही झाली. महिन्याभरात बीचवुड अव्हेन्यूच्या तोंडाशी कुंडी आली, फेअरब्रदरांच्या फाटकासमोरच. साहेबांच्या मोटारीला आता दूध आणायलाही रिंग रोडनं जावं लागतं. साहेबांनी बाईंना हातानं लिहिलेलं पत्र पाठवलं. माफी होती, आणि मनापासून होती. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि छापील कागदाच्या खाली ठेवलं, वर नाही.

मग एके सकाळी त्या अँब्लरांच्या ऑफिसात गेल्या. प्रकृती ठणठणीत होती, पण स्वतःचं सगळं आधी ठरवून ठेवावं म्हणाल्या. शवपेटी साधी, फुलं पिवळी. वाट मात्र नीट लिहून घ्या. क्लब नको, वाफा नको. सरळ बीचवुड अव्हेन्यू. कुंडीपर्यंत जायचं, थांबायचं, आणि तिथून मागे घ्यायची.

अँब्लर अवघडले. "मिसेस ओल्डरॉइड, आमच्या घराण्यात..."

"एकदा घेतलीत की."

"घेतली," अँब्लर म्हणाले. "आवाज बंद करून घेता येते म्हणे. आता बटण कळलंय मला."

"आवाज चालू ठेवायचा."

"आणि तोवर फेअरब्रदर घर विकून दुसरीकडे गेले तर?"

"तर नवा पत्ता तुम्ही शोधून काढायचा. मी कुठं विचारायला येणार?"

अँब्लरांनी कागद ओढला आणि वाट लिहायला घेतली. बाई टेबलावरून वाकून बघत होत्या.

"पेन्सिलीनं नको," त्या म्हणाल्या. "पेननं लिहा."