काकूंच्या आधी कळलेली बातमी

काल चंदीगडजवळच्या एयरोसिटीत आमच्या सोसायटीच्या गेटवर गार्डनं माझं कुरिअरनं आलेलं पाकीट उघडून पाहिलं आणि पुन्हा चिकटवून दिलं. "रूटीन है जी," म्हणाला. ओल्या डिंकाचा वास आला आणि मी परत आठ वर्षांची झाले.

पंजाबातली ती अस्वस्थ वर्षं. चंदीगडला येणारी-जाणारी पत्रं उघडून वाचली जात. हे काम बाबांच्या ऑफिसात चाले आणि तिथे मराठी येणारे ते एकटेच, म्हणून आमच्याच ओळखीच्यांची पत्रं त्यांच्याकडे येत. रविवारी दुपारी ते घरी बसून वाचत आणि परत चिकटवायला डिंक मी लावायचे. मला ते काम फार आवडायचं.

एकदा ते आईला सहज म्हणाले, "कुलकर्ण्यांच्या लेकीला दिवस गेलेत."

संध्याकाळी कुलकर्णीकाकू दिसताच आई म्हणाली, "आजी होणार की हो तुम्ही!"

काकूंचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "पण वहिनी, मला तर अजून तिचं पत्रच आलं नाही."

 मी चिकट बोटं फ्रॉकला पुसली.

काकू रागावल्या, असं तेव्हा वाटलं. त्या घाबरल्या होत्या, हे आता कळतं.

पुढच्या रविवारी त्यांनी लेकीला लिहिलेलं पत्र आमच्या टेबलावर आलं. बाबांनी वाचून दाखवलं. एकच ओळ होती, 'इकडे सर्व ठीक.'

डिंक मीच लावला.