मोठे बाबांचा हलफनामा

माझी सगळी नोकरी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या मंडल कार्यालयात, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, गेली. दाखले लिहायचे, नकला काढायच्या, अर्जातल्या चुका दाखवून माणसाला परत पाठवायचं, हे माझं काम. त्या कामाने एक खोड लागते. समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे मी फारसं बघितलं नाही. एका कागदावरचं नाव दुसऱ्या कागदावरच्या नावाशी जुळतंय का, एवढंच बघितलं. या खोडीपायी मी माझ्या सख्ख्या वडिलांकडून त्यांचा एकुलता एक मुलगा लिहून घेतला. हे आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नाही.

आम्ही भाऊ-बहीण दोघंच, दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमचं गाव पैनगंगेच्या आदिलाबादकडच्या काठाला, कापूस आणि ज्वारीचं. गावची शाळा चौथीपर्यंतच होती. धाकटे काका आदिलाबादला मास्तर होते, त्यांनी दादाला आपल्याकडे नेलं. शाळेत नाव घालताना वडिलांच्या जागी काकांनी स्वतःचं नाव लिहिलं. मास्तरच्या मुलाला फी माफ होती, हे एक कारण. दुसरं म्हणजे, घरचंच लेकरू, कुणाचं का नाव असेना. नोकरीवाल्या भावाकडे लेकरू शिकायला ठेवायचं आणि शाळेत त्यालाच बाप लावायचा, असं आमच्या भागात पुष्कळ घरांत झालं आहे. लपवाछपवी कुणी केली नाही. सुट्टीत दादा गावी आला की बाबांच्या मागे वखरावर जायचा, आणि तो कुणाचा मुलगा हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दादा हुशार निघाला. हैदराबादला इंजिनियर झाला, कॉम्प्युटरच्या धंद्यात शिरला आणि चाळिशीच्या आत एका मोठ्या कंपनीत त्या खात्याचा प्रमुख झाला. नव्वदच्या सुमारास अमेरिकेतल्या एका कंपनीने त्याला तिकडचा एक विभाग सांभाळायला बोलावलं. व्हिसासाठी कंपनीच त्याला स्पॉन्सर करणार होती. बाबांना मी हे समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हनजे कंपनी त्याले जामीन होऊन राह्यली." मी म्हटलं, तसंच समजा. जामीनदाराचं घर कुठे आहे, माणूस भरवशाचा आहे का, हेही त्यांनी विचारलं. त्यांच्या लेखी जामीन राहणारा म्हणजे ज्याच्या ओट्यावर जाऊन बसता येतं असा माणूस.

कंपनीच्या वकिलाने कागदांची यादी पाठवली. दादाला, वहिनीला आणि दोन्ही मुलांना पुढे तिकडेच कायम राहता यावं, असा कंपनीचा विचार होता, म्हणून जन्माचा दाखलाही हवा होता. दादाच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. अशा वेळी आमच्यासारख्या कार्यालयाने 'नोंद आढळत नाही' असं लिहून द्यायचं आणि दोन वडीलधाऱ्यांनी शपथेवर जन्माची हकिकत सांगायची, अशी रीत. एक हलफनामा, म्हणजे शपथपत्र, बापाचा, दुसरा वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचा.

दादा यादी घेऊन माझ्याकडे आला. त्याने दोनदा विचारलं, की खरं तेच लिहून टाकू का, शाळेत काकांचं नाव का लागलं ते. मीच नको म्हटलं. पाचवीपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे काकांचं नाव. मधेच एका कागदावर दुसरा बाप उभा केला तर बाकीचे सगळे खोटे पडतील, आणि कंपनी तीन महिन्यांपलीकडे थांबणार नाही. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी परत पाठवला असता, असंही मी ऐटीत सांगितलं. दादाने मान डोलावली. या बाबतीत माझा हात बसलेला आहे, असा त्याचा समज होता. माझाही होता.

आई त्याआधीच गेली होती. तिच्या जागी काकूंचं नाव घालताना मला कुणाचं तोंड बघावं लागलं नाही.

दोन्ही मसुदे मी स्वतः टाइप केले. आदिलाबादला कोर्टाच्या आवारात नोटरीच्या टेबलापाशी आम्ही चौघे गेलो. काकांचा हलफनामा आधी झाला. सही करताना त्यांनी दोनदा पेन खाली ठेवलं. दादा चहाच्या गाड्याकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला.

बाबा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. मराठी त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच, पण कागद म्हटला की काय विचारायचं ते पक्कं माहीत होतं.

"वल्द कोनाचं लावलं?" त्यांनी विचारलं. म्हणजे, मुलगा कुणाचा म्हणून लिहिलाय.

"काकांचं," मी म्हटलं.

"अन मी कोन हाये यात?"

"मोठे बाबा." आमच्याकडे बापाच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतात.

बाबांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "बरं हाये. मोठे बाबा बी बापच असते." आणि त्यांनी उजवीकडून डावीकडे, उर्दूत, सावकाश सही केली. पेन परत देताना त्यांनी मला विचारलं, "ही हलफ झाली न?"

मी म्हटलं, "हो, पण नुसती कागदापुरती, बाबा."

"हलफ कागदापुरती राह्यते काय, बाई?"

मला वाटलं, म्हातारं माणूस बोलतंय. मी शिक्के तपासत होते.

दादाला निरोप द्यायला आम्ही हमरस्त्यावर गेलो, हैदराबादची बस तिथे थांबायची. दादा वाकायला पुढे झाला तसे बाबा दोन पावलं मागे सरले आणि काकांकडे बोट करून म्हणाले, "आंधी बापाच्या पाया पड." दादा आधी काकांच्या पाया पडला, मग बाबांच्या. काका रडत होते. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बस सुटेल म्हणून घाई करायला लावली.

पुढे पत्रं सुरू झाली. बाबा सांगायचे, मी लिहायची. पहिल्याच पत्राच्या शेवटी त्यांनी मला 'तुझे मोठे बाबा' असं लिहायला लावलं. मी चिडले. पत्रं काय सरकार उघडून वाचतं? तर म्हणाले, उघडो की न उघडो, हलफ उचलली आहे. माझ्याच कामाने माझ्यावर सूड उगवावा तसं झालं. कुणालाही शपथेचा कागद करून देणारी मी, आणि शपथ खरोखर पाळणारा माणूस माझ्याच घरात निघाला. प्रत्येक पत्राखाली मी निमूटपणे तेच लिहीत गेले. दादाची उत्तरं मात्र 'तीर्थरूप बाबांस' अशीच सुरू व्हायची. ते ऐकलं की बाबा म्हणायचे, वरची ओळ पुन्हा वाच. मी पुन्हा वाचायची. खालचं पत्र ते एकदाच ऐकायचे.

चौथ्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी आठ-पंधरा दिवस सांगितले. दादाचे कायम राहण्याचे कागद तेव्हा तिकडच्या सरकारकडे अडकलेले होते. परवानगीशिवाय देश सोडला तर फाईल बंद, वहिनी आणि मुलांचीही. आई किंवा वडील अत्यवस्थ असतील तर परवानगी चार दिवसांत मिळायची, एरवी दोन महिने. मी आदिलाबादला जाऊन डॉक्टरांचं पत्र फॅक्सने पाठवलं. वकिलाने दादाला विचारलं, हा माणूस तुमचा कोण? कागदावर दादाचे वडील ठणठणीत होते आणि आदिलाबादला पेन्शन घेत होते. आजारी होते ते चुलते, आणि चुलत्यासाठी तातडीची परवानगी मिळत नाही.

दादाने त्याला सगळं खरं सांगितलं. वकील म्हणाला, मग काही पुरावा दाखवा, जुनी पत्रं तरी. रात्री दादाचा फोन आला. "तेवीस पत्रं आहेत," तो म्हणाला. "समदी तुह्या अक्षरात." सगळ्यांच्या खाली काय लिहिलं होतं ते आम्हां दोघांनाही माहीत होतं.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मला अजून सोसत नाही. वकिलाने त्याला म्हटलं होतं, की सुरुवातीलाच खरं लिहिलं असतं तर काही अडलं नसतं. शाळेत काकाचं नाव लागलेले बरेच लोक तुमच्या देशातून येतात, एका हलफनाम्यात खुलासा केला की भागतं. दादाने हे अगदी शांत आवाजात सांगितलं. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांना मी एवढंच सांगितलं, की कागद व्हायला वेळ लागतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पत्र लिहायला बसवलं. आवाज खोल गेला होता. चारच वाक्यं झाली. कापूस बरा आहे. लेकरांना मराठी बोलायला लाव. माझ्यासाठी हातचं काम टाकून येऊ नको. माझ्या भावाला जप, तो हळवा आहे. एवढं बोलून ते डोळे मिटून पडून राहिले. शेवट काय लिहू, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर येईल ते मला ठाऊक होतं. मी 'तुझे बाबा' असं लिहून पाकीट बंद केलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी बाबा गेले. अग्नी काकांनी दिला. मृत्यूची नोंद आमच्याच कार्यालयात झाली. वारस दाखल्यावर मी एकटीच होते, कागदाला कागद बरोबर जुळत होता.

दादा दोन महिन्यांनी आला. नदीवर जाऊन आल्यावर त्याने खिशातून ते पत्र काढलं. घड्यांवर फाटायला आलं होतं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे बाबानं सांगतलं लिवाले?"

मी हो म्हटलं. त्यांनीच सांगितलं, म्हटलं. या खेपेस बाबा असं लिव, असं म्हणाले, म्हटलं.

तो ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. मग पत्राची घडी घालून परत खिशात ठेवली. अजूनही ते त्याच्या पाकिटात असतं, असं वहिनी सांगते.

दादा, ती ओळ माझी होती. बाबांनी हलफ शेवटपर्यंत मोडली नाही. त्यांच्या हातची सही असलेला एकच कागद तुझ्याकडे आहे, आणि तो मी टाइप केलेला हलफनामा आहे.